घरची साक्ष

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी काय येते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोणी पंढरीच्या वारीचे वर्णन लिहिते, कोणी हुरड्याच्या दिवसांतले पदार्थ सांगते, कोणी योगेश्वरीच्या नाही तर कंकालेश्वराच्या देवळाची माहिती गोळा करून देते. यंदा कार्यवाहताईंनी मला ‘इतिहासाचे काहीतरी लिहा’ असे सांगितले, तेव्हा मुकुंदराजांच्या समाधीवर किंवा दासोपंतांच्या पासोडीवर लिहावे असे प्रथम मनात आले होते. परंतु त्या विषयांवर माझ्याहून जाणत्या माणसांनी लिहून ठेवले आहे. मला जो इतिहास ठाऊक आहे तो माझ्या घरापाशी येऊन पोचतो, आणि आपल्या गल्लीत तो दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही. म्हणून तोच लिहावयास घेतला आहे. गोड मानून घ्यावा.

माझा धाकटा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. रोज संध्याकाळी साडेसहाला पांढरा सदरा घालून जो गल्लीच्या टोकापर्यंत जातो, विजेच्या खांबाला हात लावतो आणि कोणाशी न बोलता परत येतो, तोच हा. आता तो तिशीला आला. तीन वर्षांचा होईपर्यंत तो बोलला नाही, तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगितले की, ह्याचा बापही उशिराच बोलला होता, काळजीचे कारण नाही. पाच वर्षांचा झाला तरी ‘आई’ म्हणेना, तेव्हा मात्र कारणे शोधण्यास आरंभ झाला. सासूबाई म्हणाल्या, ‘तू पोटुशी असताना गिराण पाळलं नाहीस.’ शेजारच्या एक आजी म्हणाल्या, ‘लेकराला बाहेरचं झालंय, उतरून टाक माय.’ शेवटी एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी सर्वांत आधी मला विचारले, ‘तुम्ही नोकरी करता का?’ मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. ‘मग बरोबर,’ असे म्हणून त्यांनी मान हलविली. मुलगा काय खातो, कशाने घाबरतो, कशाने हसतो, हे मी वहीत लिहून नेले होते. ती वही त्यांनी उघडली नाही. परतीच्या एस. टी.त मी ती मांडीवर धरून बसले होते, आणि राजीनामा कसा लिहावा ह्याचा विचार करीत होते.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी ह्या अवस्थेचे नाव सांगितले: स्वमग्नता, इंग्रजीत ऑटिझम. हा जन्मापासूनचा वेगळेपणा आहे. मेंदूची घडणच निराळ्या रीतीने होते. बोलणे, इतरांशी देवाणघेवाण, ठरलेल्या गोष्टी ठरल्याप्रमाणेच व्हाव्यात हा आग्रह, आवाज-उजेड-स्पर्श ह्यांची जाणीव, ह्या सर्वांत तो दिसून येतो. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी पदवी घेऊन नोकरी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. म्हणजे ज्या गावात दोन-तीन हजार माणसे आहेत तेथे असे पंधरा-वीस जण सहज असावेत. ते आपल्याला दिसत नाहीत, कारण त्यांना आपण ‘मुका’, ‘वेडा’, ‘हट्टी’ किंवा ‘एकलकोंडा’ ह्या नावांनी ओळखतो.

आता मुख्य विषयाकडे येते. ह्या अवस्थेविषयीचे ज्ञान जगाला झाले कसे? मी ह्याविषयी मिळेल ते वाचीत गेले, आणि मला एक गोष्ट वारंवार आढळली. ज्या ज्या वेळी घरची साक्ष ऐकली गेली, त्या त्या वेळी शास्त्र पुढे गेले. आणि ज्या वेळी ती नाकारली गेली, त्या वेळी मोठमोठे विद्वानही वाट चुकले. आपल्याकडे घरच्या माणसाची साक्ष कच्ची धरतात. पण जे घडते तेच मुळी घरात घडत असेल, तर साक्षीदार आणावा कोठून?

पहिली साक्ष एका बापाची आहे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथील वकील बीमन ट्रिपलेट ह्यांचा मुलगा डोनाल्ड तीन वर्षांचा असताना, त्या काळच्या वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे, एका संस्थेत ठेवला गेला. आईबापांना ते सोसवेना. सुमारे वर्षभराने त्यांनी मुलाला घरी आणले आणि बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर ह्यांना दाखविण्याचे ठरविले. जाण्यापूर्वी १९३८ साली बापाने मुलाविषयी ३३ पानांचे पत्र पाठविले. तो काय खातो, वस्तू कशा गरगर फिरवितो, कोणते शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, माणसांकडे कसा पाहत नाही, हे सर्व त्यात होते. १९४३ साली कॅनर ह्यांनी ११ मुलांविषयी, ८ मुलगे आणि ३ मुली, एक निबंध प्रसिद्ध केला, आणि स्वमग्नता ही निराळी अवस्था म्हणून जगापुढे आली. त्या निबंधातला पहिला मुलगा डोनाल्ड होय, आणि त्याचे वर्णन बऱ्याच अंशी त्या पत्रावरून केलेले आहे. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला माझी वही आठवली. डोनाल्ड पुढे गावच्या बँकेत नोकरी करून, मोटार चालवीत, गोल्फ खेळत ८९ वर्षे जगला आणि २०२३ साली वारला.

परंतु ज्यांच्या साक्षीवर शास्त्र उभे राहिले, त्यांनाच पुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. आईबाप थंड आहेत, विशेषतः आई मायेने जवळ घेत नाही, म्हणून मूल मिटून जाते, असे मत पसरले. कॅनर ह्यांच्या स्वतःच्या लिहिण्यातही त्याचा सूर उमटला. अशा आईला ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणू लागले. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ साली पुस्तक लिहून हे मत घरोघर नेले. ते स्वतः नाझींच्या छळछावणीत राहून आलेले होते, आणि त्यांनी ह्या मुलांची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. मग आई ही पहारेकरी ठरली, हे सांगणे नकोच. त्यांच्या पुराव्यात घरातले रोजचे जिणे कोठेच नव्हते. ग्रहण न पाळल्याचा ठपका आणि प्रेम न केल्याचा ठपका ह्यांत फरक एवढाच की, दुसरा छापील होता.

हा ठपका उतरविला तोही एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकेच्या नौदलात नोकरीस असलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. आपली पत्नी कशी आहे हे ते रोज पाहत होते, म्हणून पुस्तकातल्या ‘थंड आई’वर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मिळेल तेवढे सर्व संशोधन वाचून काढले आणि १९६४ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की, आईच्या दोषाला पुरावा नाही आणि कारण शरीराच्या घडणीत शोधले पाहिजे. त्या पुस्तकाला प्रस्तावना कॅनर ह्यांचीच आहे. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक प्रश्नावली जोडली होती. ठिकठिकाणच्या आईबापांनी ती भरून त्यांच्याकडे पाठविण्यास सुरुवात केली, आणि अशा रीतीने घराघरांतून माहिती जमा होऊ लागली. १९६५ साली त्यांनी इतर पालकांसह राष्ट्रीय संस्था स्थापन केली. १९६९ मध्ये तिच्या सभेत वृद्ध कॅनर ह्यांनी उभे राहून आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. त्या सभेत ज्या आया बसल्या असतील त्यांची मला नेहमी आठवण येते, जणू मीही त्यांच्यातच बसले होते.

इंग्लंडात १९६२ साली पालकांनी मिळून संस्था काढली. तिच्या संस्थापकांत लोर्ना विंग ह्या होत्या. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आईही होत्या. १९७९ साली त्यांनी ज्युडिथ गूल्ड ह्यांच्यासह लंडनच्या कँबरवेल भागातील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. कॅनर ह्यांच्या काटेकोर व्याख्येत बसणारी मुले दहा हजारांत जेमतेम पाच होती; परंतु लोकांशी देवाणघेवाण करण्यात तशाच अडचणी असलेली मुले सुमारे वीस निघाली. घरात जिला वाढविले तिच्यामुळे, पुस्तकातल्या व्याख्येबाहेर राहिलेली मुलेही त्यांच्या डोळ्यांना दिसली असावीत, असे मला वाटते.

आता आपल्या देशाकडे वळू. दिल्लीत मेरी बरुआ ह्या आईने १९९१ साली पालकांना एकत्र आणून ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी केली. १९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला, त्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. कायद्यात नाव नाही म्हणजे दाखला नाही, सवलत नाही, आणि मोजदादही नाही. पालकांनी पाठपुरावा केला, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते नाव आले. तरीही २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे जे आठ प्रकार विचारले गेले, त्यांत स्वमग्नता नव्हती. माझ्याकडेही एकदा कुठल्याशा पाहणीसाठी एक गृहस्थ आले होते. त्यांच्या कागदावर आंधळा, बहिरा, मुका, पांगळा असे रकाने होते. मी म्हटले, ‘ह्याला ऐकू येते, दिसते, चालता येते, आणि थोडे बोलताही येते.’ ते म्हणाले, ‘मग ताई, तो ठीकच आहे की!’ आणि त्यांनी रेघ ओढली. अशा प्रकारे माझा मुलगा एका रेघेने बरा झाला.

अखेर २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात जे २१ प्रकार आले त्यांत स्वमग्नता आहे. त्याआधी, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला होता. अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासण्यास जे पथक येते ते ह्याच कार्यक्रमाचे, आणि त्यांनी शोधावयाच्या ३० गोष्टींत स्वमग्नताही आहे. अंगणवाडीताईंनी आणि आयांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

आपल्या शेजारच्या गोव्यात जे घडले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. तेथे १९९६ पासून ‘संगाथ’ नावाची संस्था आहे. तेथील डॉक्टर गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी स्वमग्न मुलांच्या घरच्यांना बसवून विचारले: तुमची अडचण काय, तुम्ही कसे निभावता, तुम्हांला काय हवे? २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. घरच्यांनी सांगितले की, एका दारातून दुसऱ्या दारी हिंडावे लागते, पण घरी काय करावे हे कोणी सांगत नाही. लोकांच्या नजरेमुळे लग्नकार्यास जाणे सुटते. भार बहुतेक आईवर पडतो. ह्यातले काय नवीन आहे, असे आपण म्हणाल. नवीन एवढेच की, ते शास्त्राच्या वहीत नोंदले गेले.

त्यानंतर एक उपाय तपासून पाहिला गेला. मूळ पद्धत इंग्लंडातली होती, तिला आपल्याकडच्या घरांजोगे केले. शिकविलेली एक कार्यकर्ती, जी डॉक्टर नाही, घरी येते. आई आणि मूल खेळत असताना थोडे चित्रण करते, आणि मग आईसह ते पाहते. मुलाने कोठे वळून पाहिले, काय हातात घेतले, आईने घाई न करता थांबून त्याच्या मागे गेल्यास काय होते, हे दोघी मिळून पाहतात. सहा महिन्यांत अशा १२ भेटी. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी ह्या दोन ठिकाणी मिळून ६५ मुलांवर ही तपासणी झाली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना ह्या भेटी मिळाल्या ते आईबाप मुलाच्या कलाने अधिक घेऊ लागले, आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद करू लागली. सर्वच गोष्टी सुधारल्या असे नाही, आणि तेही त्यांनी तसेच नमूद केले आहे. मला त्याबद्दल अधिकच विश्वास वाटला.

बिगर-डॉक्टर बाईने हे काम करावे ह्याचे आपणा बीडकरांना नवल वाटू नये. आष्टी तालुक्याला लागूनच जामखेड आहे. तेथे रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या अल्पशिक्षित बायांना आरोग्याचे काम शिकविले, आणि त्या बायांनी ते गावोगाव करून दाखविले.

येथवर मी आईबापांच्या बाजूने लिहीत आले. आता जे लिहावयाचे ते थोडे अवघड आहे, कारण ते माझ्याविरुद्ध आहे.

पाचसहा वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आपल्या प्रबंधासाठी आमच्या घरी आली. मुलगी गुणी होती. तिच्याजवळ पुष्कळ प्रश्न होते आणि मी एकामागून एक उत्तरे देत होते. अशी उत्तरे देण्याची मला वर्षानुवर्षांची सवय. ‘त्याला कोणत्या आवाजाचा त्रास होतो?’ असे तिने विचारले. मी लगेच सांगितले, ‘कुकरच्या शिटीचा आणि मिक्सरचा.’ ती लिहून घेऊ लागली. मग थांबली, आणि कोपऱ्यात बसलेल्या माझ्या मुलाकडे वही-पेन्सिल सरकवून म्हणाली, ‘दादा, तुम्ही सांगता का?’ तो बराच वेळ गप्प होता. ती घाई न करता बसून राहिली. मग त्याने वहीत एकच शब्द लिहिला: ‘ट्यूब’.

आमच्या स्वयंपाकघरात चोकवाली जुनी ट्यूबलाइट होती. ती बारीक गुणगुणत असे. मला ते कधी ऐकूही आले नव्हते. तो रात्री स्वयंपाकघरात जेवावयास बसत नसे, ताट उचलून अंगणात जाई, आणि मी त्यासाठी त्याला किती वेळा रागावले, दंडाला धरून परत आणून बसविले, ते माझे मला ठाऊक. अठरा-वीस वर्षे! दुसऱ्या दिवशी यजमानांनी ती ट्यूब काढून साधा दिवा लावला. त्या रात्री तो आत येऊन पाटावर बसला आणि जेवला. मला घास गिळवेना.

मी खोटी साक्ष दिली नव्हती. परंतु माझी साक्ष ऐकीव होती. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ ही म्हण मी आयुष्यभर डॉक्टरांना ऐकविली, ती त्या दिवशी मला लागू झाली.

हीच गोष्ट स्वमग्न माणसे जगाला केव्हापासून सांगत आहेत. १९९३ साली जिम सिंक्लेअर ह्या स्वमग्न व्यक्तीने पालकांना उद्देशून सांगितले की, आमच्याबद्दल शोक करू नका. तुम्ही मनात जे मूल योजिले होते ते आले नाही ह्याचे दुःख निराळे, आणि जे आले आहे त्याला समजून घेणे निराळे. ‘आमच्याविषयी जे करायचे ते आमच्यावाचून नको’ ही अपंगांच्या चळवळीतली घोषणा त्यांनीही उचलली. २००६ साली अमेरिकेत क्रिस्टीना निकोलाइडिस ह्या डॉक्टर आणि स्वमग्न मुलाच्या आई, व डोरा रेमेकर ह्या स्वतः स्वमग्न संशोधक, अशा दोघींनी मिळून एक संशोधनमंडळ काढले. तेथे स्वमग्न माणसे बरोबरीने बसतात आणि काय शोधावयाचे येथपासून चर्चा होते. प्रश्नावलीतले मोघम शब्द त्यांनी बदलून घेतले. ज्यांना तोंडी बोलणे जड जाते त्यांच्यासाठी बैठका लिहून होऊ लागल्या.

२०१३ साली लंडनहून लिझ पेलिकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अहवाल काढला. स्वमग्नतेवरील संशोधनाचा पैसा कोठे जातो आणि स्वमग्न माणसांना व त्यांच्या घरच्यांना काय हवे आहे, हे त्यांनी शेजारी शेजारी मांडले. निम्म्याहून अधिक पैसा मेंदू, शरीरशास्त्र आणि आकलन ह्यांच्या अभ्यासावर जात होता. लोक मात्र विचारीत होते की, रोजचा दिवस सुखाने कसा जाईल, काम कसे मिळेल, मोठेपणी कोण सांभाळील? २०२१ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातच दहा हजार स्वमग्न माणसांची आनुवंशिक माहिती गोळा करण्याची मोठी योजना जाहीर झाली. आम्हांला आधी विचारले नाही, आणि ही माहिती पुढे कशासाठी वापरणार हे स्पष्ट नाही, असा स्वमग्न लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा अवघ्या काही आठवड्यांत ती थांबवावी लागली. विद्वानांचे सामर्थ्य मोठे खरे, परंतु ज्याचे रक्त-लाळ तपासावयाची त्याने हात मागे घेतला की काम अडते.

आपल्यापुढे हा प्रश्न उपचाराच्या रूपाने येतो. आम्हांलाही एका शहरातल्या दवाखान्यात मूलपेशींचा, ज्याला स्टेम सेल म्हणतात तो, उपचार सुचविला होता. खर्च काही लाखांचा. यजमानांनी दोन एकर काढण्याची तयारी केली होती. मी विचारले, ‘किती मुलांना गुण आला, ते कोणी तपासले, आणि ज्यांना आला नाही त्यांच्या आईबापांना भेटता येईल का?’ उत्तर मिळाले नाही, म्हणून आम्ही परत आलो. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्पष्ट केले की, स्वमग्नतेवर ह्या उपचाराची शिफारस करता येत नाही. मुंबईतल्या ‘यश चॅरिटेबल ट्रस्ट’ ह्या संस्थेने तर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. आपले जमीन-दागिने विकून आपल्याच लेकरावर प्रयोग करून घ्यावा, आणि त्याचा निकाल कोणी मांडूही नये, ह्याला संशोधनात भाग घेणे म्हणत नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण आपल्यापैकी फार थोड्यांना ते माहीत असेल. २०१६ च्या ज्या कायद्याचा वर उल्लेख केला, त्याच्या सहाव्या कलमात असे आहे की, दिव्यांग व्यक्तीवर कोणतेही संशोधन करावयाचे असेल तर तिला समजेल अशा रीतीने सांगून तिची मोकळी संमती घेतली पाहिजे. शिवाय सरकारने नेमलेल्या समितीची आधी परवानगी घेतली पाहिजे. आणि त्या समितीत निदान निम्मे सभासद स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असले पाहिजेत. अशा संस्थांत पालकांच्या संघटनाही येतात. म्हणजे निम्मा पाट कायद्याने आपला मांडलेला आहे. त्यावर बसण्यास आपण शिकले पाहिजे.

हे शिकणे फार कठीण नाही. उद्या आपल्या गावी कोणी पाहणीस आले, तर चहा द्यावा, आणि विचारावे: हे कशासाठी? आमचे नाव कोठे जाईल? मध्येच नको वाटले तर थांबता येईल का? जे कळेल ते आम्हांला मराठीत येऊन सांगाल का? आणि स्वतः त्या मुलाला किंवा मुलीला काही विचारणार आहात की नाही? मग तो बोलून सांगो, लिहून सांगो की चित्राला बोट लावून सांगो. तसेच त्यांना आपली बाजूही सांगावी. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातील किती घरांना कुलूप लागते! कोयता घेऊन जोडपी कारखान्यावर जातात आणि लेकरे कोपीत राहतात नाही तर आजीपाशी. ज्या मुलाला ताटाची जागा बदललेली खपत नाही, त्याने सहा महिने घर, गाव, शाळा सर्वच बदललेले कसे सोसावे? पाहणी करणारा हिवाळ्यात आला तर ही मुले त्याला दिसणारच नाहीत, आणि त्याच्या कागदावर बीड जिल्ह्यात ती नाहीतच असे होईल. पावसाळ्यात या, हे त्याला आपल्याखेरीज कोण सांगणार?

मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या परिसरात अशी जी घरे आहेत, त्यांतील आयांची आणि शक्य तेथे त्या मुलामुलींची महिन्यातून एकदा बैठक आपल्या सभागृहात व्हावी. तेथे कोणी भाषण करू नये. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने सांगावे, आणि कोणीतरी वहीत लिहून ठेवावे. माझी जुनी वही मी जपून ठेवली आहे. ती पहिली म्हणून देण्यास मी तयार आहे. मात्र तिच्यातली ‘आवाज’ ह्या मथळ्याखालची नोंद मी खोडलेली आहे आणि खाली माझ्या मुलाच्या हाताने दुरुस्ती करून घेतली आहे.

लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमास माझा मुलगा येण्यास तयार झाला आहे. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसेल. कार्यवाहताईंना विनंती की, त्या खुर्चीवरची ट्यूब तेवढी बंद ठेवावी.